आधी फासे, मग पुस्तक

‘आधी नियम वाचून ये, मग खेळायला बस.’ हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारलं असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार. इतक्या कमी शब्दांत इतक्या माणसांना एखाद्या गोष्टीपासून कायमचं लांब ठेवायची सोय दुसऱ्या कुणाला जमली नसेल.

गेले काही आठवडे आमच्या शनिवारच्या टेबलावर याच वाक्यावरून वाद चालू आहे, आणि माझं मत तिथे धड मांडून होत नाही (मध्येच कुणीतरी चहा टाकायला उठतं). म्हणून म्हटलं, या वीकेंडला लिहूनच काढावं.

तर विषय असा. आम्ही काही मित्र ‘ट्रॅव्हलर’ नावाचा खेळ खेळतो. मी त्यात तसा नवखा, जेमतेम सहा महिने झाले असतील. हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम आहे. म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. कॉम्प्युटर नाही, पट नाही, सोंगट्याही असल्या तर असल्या. प्रत्येकजण एकेक पात्र होतो. एकजण मात्र पात्र होत नाही, तो उरलेलं सगळं जग होतो. ट्रॅव्हलरमध्ये त्याला रेफरी म्हणतात. आपलं पात्र काय करतंय ते आपण तोंडाने सांगायचं, ते जमलं की फसलं हे फासे सांगणार, आणि पुढे काय झालं ते रेफरी सांगणार. मोठ्यांची भातुकलीच म्हणा ना. फक्त हिच्यात हिशेब असतो, आणि बाहुली मरू शकते.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे १९७४ सालचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावातून (हो, गावाचं नावच नॉर्मल!) ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या छोट्या कंपनीने ट्रॅव्हलर बाजारात आणला. मुख्य लेखक मार्क मिलर. एका खोक्यात तीन लहानशा काळ्या पुस्तिका, बस्स. पहिला ‘स्टार वॉर्स’ही त्याच वर्षी आला, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. ट्रॅव्हलरमध्ये विश्वाला वाचवणारा निवडलेला तरुण वगैरे कुणी नसतो. इथे असतात नोकरी सुटलेली, चाळिशीकडे झुकलेली, कर्ज डोक्यावर असलेली माणसं. अंतराळात, पण आपल्यासारखीच. आम्ही खेळतो ती इंग्लंडच्या ‘मंगूज पब्लिशिंग’ची आवृत्ती. त्यांनी २००८ मध्ये हा खेळ नव्याने काढला आणि २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणली. तिचं मूळ पुस्तक दोनशेच्या वर पानांचं आहे. आणि गोची तिथेच आहे.

आमच्या टेबलावर पाच जण होतो. एकजण जर्मनीला ऑनसाईट गेला. दुसऱ्याला मुलगी झाली, त्यामुळे त्याचे शनिवार पुढची तीन वर्षं तरी बुक आहेत :-) उरलो तीन, त्यातला एक रेफरी. अजून एक गळाला की खेळ बंद. दोन ओळखीच्यांना बोलावलं. रेफरीने दोघांनाही प्रेमाने पुस्तकाची पीडीएफ पाठवली आणि लिहिलं, ‘वेळ मिळाला की वाचून ठेव, म्हणजे सोपं जाईल.’ दोघांनीही ‘नक्की!’ असं उत्तर दिलं. दोघेही आजतागायत आलेले नाहीत. रस्त्यात भेटले तर पीडीएफ वाचली नाही म्हणून नजर चुकवतात!

आता तुम्ही म्हणाल, नियम न वाचता खेळणार कसं? तर माझं म्हणणं सरळ आहे. ट्रॅव्हलरमध्ये नवख्याला पहिल्या दिवशी एकच नियम लागतो, आणि तो मी इथे तीन वाक्यांत सांगतो. दोन फासे टाका. त्यांच्या बेरजेत तुमचं कौशल्य मिळवा. आठ किंवा जास्त झाले तर जमलं.

झालं! आता यातलं गणित बघा, कारण गंमत तिथे आहे. दोन फाशांचे एकूण ३६ प्रकार, त्यातले आठ किंवा जास्त होणारे १५. म्हणजे काम येतं पण त्यात विशेष गती नाही अशा माणसाला यशाची शक्यता साधारण ४२ टक्के. कौशल्य दोन असेल तर सहाच पडायला हवेत, शक्यता थेट ७२ टक्क्यांवर. आणि ज्याला ते काम मुळीच येत नाही त्याचे तीन वजा होतात, म्हणजे त्याला अकरा पडायला हवेत. ८ टक्के. कधी विमान न उडवलेला माणूस यान उतरवायला बसला तर बारापैकी एकदा उतरवेल. हे कळायला पुस्तक लागत नाही. दोन-चार वेळा फासे टाकले की बोटांनाच कळतं की दोनाने किती फरक पडतो. हेच मला पानभर तक्ता देऊन समजावलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेलो असतो.

दुसरी गोष्ट पात्र बनवण्याची. ट्रॅव्हलरमध्ये पात्र बनवणं हाच एक खेळ आहे, आणि माझ्या मते नवख्याला शिकवायची यापेक्षा चांगली सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक पत, या सहा गोष्टींसाठी प्रत्येकी दोन फासे. आकडे लिहायचे हेक्साडेसिमलमध्ये, दहासाठी ए, अकरासाठी बी! (१९७७ च्या त्या काळ्या पुस्तिकांतही हे आहे. आपल्या जमातीच्या लोकांनी इथेच प्रेमात पडावं.) माझ्या पात्राचा आकडा ५८७९ए६. अंगात जोर नाही, शिक्षण भरपूर, पत बेताची. ओळखीचं वाटतं का कुणी? :-)

मग अठराव्या वर्षापासून चार-चार वर्षांच्या टर्म. नौदल, सैन्य, स्काउट, व्यापारी जहाज, कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं, घेतील की नाही ते फासे ठरवणार. प्रत्येक टर्ममध्ये काहीतरी शिकायला मिळतं, काहीतरी घडतं, आणि एकदा तरी ‘टिकलात का?’ असं फाशांना विचारावं लागतं. मूळ खेळात नाही टिकलात तर पात्र तिथेच मरायचं. खेळ सुरू होण्याआधीच! सगळ्यात कडक स्काउट सर्व्हिस. चिवटपणा जेमतेम असेल तर दर टर्मला सात किंवा जास्त लागायचे, म्हणजे ५८ टक्के. अशा तीन टर्म जिवंतपणी काढणारे पाचात एक. आताच्या आवृत्तीत एवढी कत्तल होत नाही, नुसता अपघात होतो आणि नोकरी जाते. माझ्या माणसाची स्काउटमधली नोकरी दुसऱ्याच टर्मला अशी गेली. मग तीन टर्म व्यापारी जहाजावर. चौतिसाव्या वर्षापासून वयाचे फासे सुरू होतात, शरीर कुरकुरायला लागतं. मी अडतिसाव्या वर्षी थांबलो. हातात काय, तर थोडं यान चालवणं, बऱ्यापैकी दलाली, एक शत्रू आणि थोडे पैसे.

हे सगळं व्हायला तास-दीड तास गेला. या वेळात मी नियम असा एकही ‘शिकलो’ नाही. पण शेवटी मला फासे कळले होते, कौशल्यांची नावं कळली होती, या जगात कोणकोणत्या नोकऱ्या असतात ते कळलं होतं, आणि मुख्य म्हणजे हा माणूस कोण आणि त्याला कशाची भीती वाटते ते कळलं होतं. त्यात आणखी एक छान तरतूद आहे. शेजारच्या खेळाडूच्या आयुष्यातल्या एखाद्या घटनेशी आपली घटना जोडायची. ‘माझा अपघात झाला तेव्हा मला उचलून आणणारं जहाज तुझं होतं’ असं काहीतरी. तसं केलं की दोघांनाही एकेक कौशल्य जास्तीचं मिळतं. म्हणजे पहिल्या तासातच नवखा माणूस टेबलावरच्या जुन्या माणसाचा जुना मित्र होतो. हे कुठली पीडीएफ करून देणार?

इंजिनिअरिंगला असताना केटी लागायची, म्हणजे विषय राहायचा. कंपनीत आल्यावर केटी मिळते, म्हणजे जाणारा येणाऱ्याला काम समजावून देतो. मला दोन्ही केट्यांचा दांडगा अनुभव आहे, आणि सांगतो, चौदा डॉक्युमेंटं वाचून सिस्टीम कुणाला कळत नाही. रात्री अकराला पहिला बग येतो, शेजारी कुणीतरी जाणता बसलेला असतो, तो सांगतो ‘ही फाईल उघड’, आणि त्या रात्री जे कळतं ते कायमचं. डॉक्युमेंट नंतर वाचायचं असतं. तेव्हा ते खरंच समजतं, कारण तोवर आपल्याकडे प्रश्न जमलेले असतात. उत्तरं आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रमच उलटा आहे.

पण माझा सगळ्यात मोठा मुद्दा हा नाहीच. तो सांगण्यासाठी ताईबद्दल सांगायला हवं.

ताई म्हणजे माझी मामेबहीण, बँकेत कर्ज विभागात आहे. विज्ञानकथेचा आणि तिचा संबंध शाळेत वाचलेल्या नारळीकरांपुरता. महिन्यापूर्वी ती सहज घरी आली होती, आमचा खेळ चालू होता, तीही बसली. रेफरी आमच्या जहाजाच्या हप्त्याचं सांगत होता. या हप्त्याचं गणित १९७७ पासून खेळात आहे. किमतीच्या २० टक्के रोख, आणि मग किमतीचा २४०वा भाग दर महिन्याला, ४० वर्षं. सगळ्यात साधं व्यापारी जहाज, २०० टनी फ्री ट्रेडर, मूळ नियमांत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिटचं. म्हणजे हप्ता १,५४,५००.

ताईने पर्समधून पेन काढलं. ‘अरे, म्हणजे किमतीच्या सव्वादोनपटीच्या आसपास भरताय तुम्ही! कमाई किती?’

मालासाठी जागा ८२ टन, भाडं टनाला १०००. एका उडीला एक आठवडा लागतो, मग आठवडाभर बंदरात, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. जागा गच्च भरली तरी १,६४,०००. हप्ता गेल्यावर उरले साडेनऊ हजार. त्यात इंधन, पगार, देखभाल. चांगलं इंधन घ्यायचं तर एका फेरीलाच १५,०००.

‘हे कर्ज मी मंजूरच केलं नसतं,’ ताई म्हणाली. आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणीही सहा महिन्यांत विचारला नव्हता. ‘हप्ता थकला तर बँकेला कळतं कसं? तुम्ही तर दुसऱ्या ग्रहावर.’

रेफरीच्या चेहऱ्यावर दिवाळी. कारण ट्रॅव्हलरच्या विश्वाची सगळी मेख इथेच आहे. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा रेडिओ नाही, फोन नाही. बातमी जहाजानेच जाते, आणि एका उडीला, ती कितीही पल्ल्याची असो, आठवडा लागतोच. म्हणजे बँकेची नोटीससुद्धा जहाजानेच येणार!

‘म्हणजे नोटीस पोचेपर्यंत तुम्ही पुढच्या ग्रहावर,’ ताई म्हणाली. ‘पळून जायला केवढी सोय आहे रे ही! मग बँक जप्तीची माणसं आधीच पेरून ठेवत असणार. मी असते तर प्रत्येक मोठ्या बंदरावर एक ठेवला असता.’

कर्ज बुडवून जहाजासकट पळणारे आणि त्यांच्या मागे लागणारे, हे ट्रॅव्हलरमधलं जुनं आणि लाडकं प्रकरण आहे. ताईला ते पुस्तकाने सांगितलं नाही. तिला ते तिच्या टेबलावरच्या फायलींनी सांगितलं. तिथल्या तिथे तिचं पात्र झालं, जहाजाची हिशेबनीस. त्या दिवसापासून आमचं जहाज जास्त खरं वाटतं.

पुढच्याच शनिवारी पैसे कमी पडले. आमच्या जहाजावर गोठवून न्यायच्या वीस जागा आहेत. १००० क्रेडिटचं तिकीट, सगळ्यात स्वस्त. प्रवासी झोपून जातो, पोचल्यावर उठवायचा. आमचा रेफरी इथे जुनाच नियम चालवतो. दोन फाशांवर पाचाच्या खाली पडलं तर तो माणूस उठत नाही. डॉक्टर बरोबर असेल तर थोडी सूट, पण आमच्याकडे डॉक्टर नाही. सहातला एक. वीस तिकिटं विकली तर सरासरी तीन मेले. मी मनातल्या मनात वीस हजार मोजत होतो, आणि ताई म्हणाली, ‘हे त्या लोकांना तिकीट देताना सांगतो का आपण?’

टेबल गप्प. नियमात ते कुठे लिहिलेलं नाही. नियमात फक्त दर आहे आणि फासे आहेत. पुढचा तासभर आम्ही यान उडवलं नाही की कुणावर गोळी झाडली नाही. सांगायचं की नाही, सांगितलं तर कोण चढेल, ज्याच्याकडे हजारच क्रेडिट आहेत त्याला दुसरा पर्याय काय, आणि हप्ता चुकला तर आपल्यातल्या चौघांचं काय, यावर बोलत राहिलो. शेवटी सांगूनच विकायची असं ठरलं. नऊ लोक चढले. सात उठले. (त्या दोघांची नावं रेफरीने आधीच ठरवून ठेवली होती. दुष्ट माणूस.) इतका चांगला शनिवार मला आठवत नाही.

माझा मुद्दा हा आहे. नवखा माणूस रिकामं भांडं घेऊन येत नाही. तो आपल्या नोकरीतून, घरातून, गावातून काहीतरी घेऊन येतो, आणि ते आपल्यापाशी नसतं. ‘आधी वाचून ये’ म्हटलं की आपण त्याला सांगतो, तुझ्याकडचं बाहेर ठेव, आमच्यासारखा होऊन आत ये. मग आपल्यासारखेच चार जण जमतात, आणि एकेकाची बदली झाली की टेबल मोडतं.

आता दुसरी बाजू. रेफरीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मान्य करायला हवं. तो शुक्रवारी रात्री जागून तयारी करतो. दर पाच मिनिटांनी ‘म्हणजे काय?’ आलं की खेळ तुटतो. आणि नवख्याला काहीच ठाऊक नसेल तर जुने लोक त्याचं पात्र परस्पर चालवायला लागतात, ‘तू आता हे कर, मग ते कर.’ हा धोका खरा आहे, मी तो सोसलाय. शिवाय ट्रॅव्हलरचं पुस्तक वाचायला मजाच येते. एकट्याने बसून ग्रह बनवावेत, जहाजांची डिझाइनं करावीत, असा सगळा ऐवज त्यात आहे. पण तो वेगळा छंद झाला. स्वयंपाकाचं पुस्तक वाचण्यात मजा असते म्हणून पाहुण्याला जेवायच्या आधी ते वाचायला लावत नाही आपण.

तेव्हा नुसता वाद नको म्हणून टेबलापुढे माझा प्रस्ताव असा:

१. नवीन माणसाला पीडीएफ पाठवायची नाही. तारीख, वेळ आणि येताना काय खायला आणायचं, एवढंच पाठवायचं.

२. पात्र टेबलावरच, सगळ्यांसमोर बनवायचं. तयार पात्र हातात द्यायचं नाही. त्याची निदान एक घटना कुणाच्या तरी घटनेशी जोडायचीच.

३. नियम लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच सांगायचा. तो रेफरीने सांगायचा, बाकीच्यांनी तोंडात वेफर्स ठेवायचे.

४. ‘मी काय करू शकतो?’ असं त्याने विचारलं तर यादी वाचून दाखवायची नाही. ‘तुला काय करावंसं वाटतंय?’ असं विचारायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड आहे.

५. टेबलावर मराठीतच बोलायचं. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून आमची पात्रं उगाच हॉलिवूडमधल्यासारखी बोलायला लागतात, आणि नवखा माणूस खेळ शिकायचा सोडून इंग्रजी सांभाळत बसतो. ताईने बँकेच्या अधिकाऱ्याशी ‘साहेब, एवढा महिना सांभाळून घ्या’ म्हणून जी घासाघीस केली ती इंग्रजीत झालीच नसती.

६. तिसऱ्या शनिवारनंतर त्याने मागितलं तर पुस्तक द्यायचं. बहुतेक तो मागेलच. ताईने मागितलं. तिने व्यापाराचं प्रकरण एका रात्रीत वाचलं आणि आम्ही इतके महिने चुकीच्या ग्रहावर माल विकतोय हे फोन करून सांगितलं.

रेफरीला हे सगळं पटलेलं नाही. ‘ताईंचं उदाहरण धरू नकोस, त्या हुशार आहेत,’ असं तो म्हणतो. माझं म्हणणं, लोक साधारणपणे हुशारच असतात, आपण त्यांना बोलू द्यायचा अवकाश. अखेर तीन शनिवार माझ्या पद्धतीने करून बघायचं एवढ्यावर तडजोड झाली आहे. नाही जमलं तर पुन्हा पीडीएफ.

असो. येत्या शनिवारी ताईच्या ओळखीतल्या एक मावशी येणार आहेत, निवृत्त परिचारिका. त्यांनी आयुष्यात विज्ञानकथा वाचलेली नाही, तसं त्यांनी आधीच सांगून टाकलंय. आमच्या जहाजाला डॉक्टरची किती गरज आहे ते तुम्ही वर वाचलंच आहे. पुस्तक कपाटात ठेवून किल्ली ताईकडे दिली आहे :-)